बांधलेले कान

ससा घाम गाळत नाही. आतली गरमी तो कानावाटे सोडतो. अंग तापलं की कानातल्या शिरा फुगतात, कान लालभडक होतात, आणि हात लावला तर तव्यावरून आत्ताच उतरलेल्या भाकरीसारखे लागतात. हे मी कुठं वाचलेलं नाही. मी सातवी नापास माणूस. हे मी पंधरा-सोळा वर्षं हातानं बघितलंय.

आणि हे सगळं माहीत असून मी माझ्या बायकोचे कान बांधले. अंगावर वाकळ टाकली. ती त्याच दिवशी गेली.

लेकीला मी सांगितलं, मायला ऊन लागलं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं तिला सांगावं का गिळून बसावं, ह्यात माझं एक वर्ष गेलं. ते वर्ष कसं गेलं ते इथं लिहितोय.

मी जनावरांच्या कॉलेजात कामाला होतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही, त्याची गरज नाही. पिंजरे झाडायचे, चारापाणी बघायचं, आणि ससे-उंदीर धरायचे. धरणं सोपं नसतं. जोरात धरलं तर जनावर घाबरतं आणि नुसत्या घाबरण्यानं त्याचा ताप वाढतो. मग सगळं मोजमाप वाया. माझ्या हातात जनावर गप बसायचं, म्हणून मला त्या खोलीत घेतलं. शिक्षणामुळं नाही.

ती खोली एका म्याडमची. म्याडम पुण्याकडच्या होत्या, वयानं माझ्या लेकीएवढ्या, मला मामा म्हणायच्या. त्यांचं काम असं की मायक्रोवेव्हच्या लहरी अंगावर पडल्या तर जनावर आपलं अंग थंड कसं ठेवतं ते बघायचं. आता घरोघर तो डबा आलाय, दूध गरम करायचा. तीच जात, पण लई हलक्या मापाची. खोलीच्या भिंतींना काळ्या फोमचे टोकदार तुकडे चिकटवलेले. वरून पत्र्याचं एक चौकोनी भोंग्यासारखं तोंड. त्याखाली पिंजरा, तोही प्लास्टिकचा, कारण लोखंड असलं की लहरी अडतात. म्याडम बाहेर बसून बटण दाबायच्या. आत काहीच व्हायचं नाही. उजेड नाही, आवाज नाही, वास नाही. पहिल्या दिवशी मी म्हणालो, "म्याडम, मशीन बंद हाय वाटतं."

"चालू आहे मामा. थोडं थांबा, ससा सांगेल."

आणि सशानं सांगितलं. आधी कान. मग नाकपुड्या भराभर हलायला लागल्या. मग तो पाय पसरून पोटावर आडवा झाला, म्हणजे जेवढं अंग मोकळं करता येईल तेवढं केलं. म्याडम म्हणाल्या, ऊन कातडीला लागतं म्हणून चटकन कळतं. ह्या लहरी कातडीच्या आत जातात, अंगातल्या पाण्याला तापवतात. कळायला उशीर होतो. पण एकदा कळलं की अंग गप बसत नाही, त्याच्यापाशी जे जे आहे ते सगळं वापरतं.

उंदराचं निराळं. त्याला कान बारके, तो शेपटीनं गरमी सोडतो. शेपटी पुरली नाही की जिभेनं सगळ्या अंगाला थुंकी चोपडतो. आपण ओला पंचा अंगावर घ्यावा तसं. एकदा दोन खणांचा पिंजरा केला, एका खणात लहरी आणि दुसऱ्यात नाही. उंदीर थोड्या वेळानं गरम खणात पाय ठेवीना. पण एसी लावून खोली थंडगार केली, तर तोच उंदीर मशीनखाली येऊन बसायचा. म्याडम म्हणाल्या, बाहेरून ऊब मिळतेय म्हणून त्यानं आतला जाळ कमी केला. मला हे लई आवडलं. एवढासा जीव, पण चूल कधी वाढवायची आणि कधी लाकूड ओढून घ्यायचं हे त्याला कळतं.

हलक्या मापावर किती वेळ ठेवलं तरी सशाचा ताप जागचा हलत नव्हता. जेवढं आत येई तेवढं तो कानांनी बाहेर टाकी. ताप मी घ्यायचो, मागून. घरी आलो की बायको म्हणायची, "आले बघा, सशाच्या बुडात काचकांडी घालून पगार आणणारे." शेजारणी हसायच्या. मीही हसायचो. ती म्हणाली की राग येत नसे.

तिचं माहेर निलंग्याच्या पल्याड, कर्नाटकाच्या शिवेला. बोलायची मराठीच, पण काही शब्द तिकडचे राहिले होते. साक म्हणजे पुरे. ताटात जास्त वाढलं की साक. मी जास्त बोललो की साक. लेकीनं लहानपणी हट्ट धरला की नुसतं "साक" म्हणायची आणि लेक गप. आमच्या घरात त्या शब्दापुढं कोणाचं चाललं नाही. एकदाच चाललं, ते पुढं येईल.

म्याडमनी पुढं ठरवलं की कान नसते तर काय झालं असतं ते बघायचं. कान कापायचे नाहीत, नुसते झाकायचे. कापूस गुंडाळायचा, वरून पट्टी. ते मी केलं. डावा कान, उजवा कान, हळू, ससा दचकणार नाही असं. मशीन त्याच हलक्या मापावर लावलं, ज्यावर आधी ताप हलत नव्हता. आता चढायला लागला. नाकपुड्या सुटल्या, पाय पसरले, सगळं केलं त्यानं, पण गरमी जायचं दारच लावलेलं.

नेमकं त्या दिवशी मी डबा विसरलो होतो. बायको डबा घेऊन आली. शिपायानं तिला थेट आत सोडलं. तिनं काचेतून बघितलं.

"अवो, त्येचे कान का बांधले? ऊन लागंल म्हणून?"

"न्हाई. उलटं हाय ते. कान बांधल्यानं त्येला गरमी व्हायलीय."

"मग सोडा की."

"कामच हाय ते."

"कसलं काम? त्यो पाय झाडायलाय, दिसंना का तुमाला?" मग म्याडमकडं वळली. "बाई, मुका हाय म्हणून चालवून घ्यायले तुमी. बोलता आलं असतं तर दोघांना शिव्या घातल्या असत्या त्येनं. साक, साक. सोडा."

मला वाटलं आता माझी नोकरी गेली. पण म्याडमनी बटण बंद केलं. वेळ झालीच होती म्हणाल्या, खरं-खोटं त्यांनाच माहीत. त्यांनी बायकोला आत घेतलं, मला पट्टी सोडायला लावली आणि तिचा हात धरून सशाच्या कानावर ठेवला. तिनं हात मागं घेतला. "माय गं, केवढं साठलं होतं," म्हणाली. नंतर कितीतरी वेळ हातानंच सशाला वारा घालत बसली. जाताना मला म्हणाली, "डबा खावा. आन् त्येलाबी पाणी द्या."

असं शिकलेलो मी. कोणी मला विचारलं असतं की अंगावर गरमी आली तर जनावराचं काय करावं, तर मी झोपेत सांगितलं असतं. झाकू नका, बांधू नका, वारं लागू द्या, पाणी लावा.

नोकरी सुटल्यावर आम्ही अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या गावी आलो. दोन खोल्या, वर स्लॅब. लेक हदगावला दिलेली. उन्हाळ्यात लेकीला वाळवण पाठवायचं म्हणून बायको दरसाल कुरडया करायची. तीन दिवस गहू भिजवायचा, वाटायचा, चीक शिजवायचा आणि पहाटेपासून स्लॅबवर सोऱ्या घेऊन बसायचं. त्या सालचं ऊन वेगळंच होतं. सकाळी नळाच्या तोटीला हात लावला तरी चटका बसायचा. मी म्हणालो, थोड्याच कर. ती म्हणाली, चीक शिजवलाय तो काय तुमच्या डोक्यावर घालू? तिच्या बोलण्यावर मी परत हसलो आणि खाली येऊन पडलो.

दुपारी ती खाली आली. तोंड लाल. मला वाटलं चुलीचा जाळ आणि ऊन, होतं लाल. भिंतीला धरून बसली. पाणी दिलं तर उलटून पडलं. मग म्हणाली, "थंडी वाजायली." आणि खरंच तिचा जबडा थडथडत होता. अंगाला हात लावला तर कोरडं, तव्यासारखं. घामाचा थेंब नाही.

इथं मी चुकलो. आमच्याकडं लहानपणापासून बघितलेलं असं, की हीव भरून ताप आला तर माणसाला पांघरुणात घालायचं, दारं-खिडक्या लावायच्या आणि घाम फुटेपर्यंत थांबायचं. घाम फुटला की ताप उतरतो. माझ्या मायनं मला तसंच केलं, बायकोनं लेकीला तसंच केलं. आणि ऊन कानातून शिरतं, म्हणून ऊन लागलेल्या माणसाचे कान आधी बांधायचे. गावात मे महिन्यात बघा, गडी-बायका सगळ्यांच्या कानाला रुमाल. मी खिशातली दस्ती काढली आणि तिचे कान बांधले. डावा झाकला, उजवा झाकला, गाठ हनुवटीखाली. खिडकी लावली, कारण झळ येत होती. मग तिच्याच हातची वाकळ काढली, जुन्या लुगड्यांची, सात पदरांची, आणि तिच्यावर घातली.

तिनं पायानं वाकळ काढली. मी परत घातली. तिनं परत काढली. मी पायाकडून खोचून घातली.

"साक," म्हणाली.

"घाम येऊ दे. घाम आला की बरं वाटंल."

"साक... साक वो..."

मला वाटलं तापात बडबडतेय. शब्द मला कळत होता. आयुष्यभर त्या शब्दावर मी हात मागं घेतला होता. त्या दिवशी घेतला नाही. वरून हातानं वाकळ दाबून धरली. धरायचं काम मला येत होतं.

थोड्या वेळानं तिनं पाय झाडायचं सोडलं. मला वाटलं झोप लागली. बरं वाटलं मला. एवढं लिहून टाकतो की त्या वेळी मला बरं वाटलं.

नंतर हाक मारली तर उठेना. शेजाऱ्याच्या ऑटोत घालून अहमदपूरला दवाखान्यात नेलं. दस्ती आणि वाकळ मी घरीच काढून ठेवली होती, का ठेवली ते सांगता येत नाही. डॉक्टर तरणा होता, त्यानं लई धावपळ केली. बरफ आणला, फॅन लावला, ओल्या चादरी टाकल्या. थर्मामीटर बघून त्यानं ओठ चावला. मीही वाकून बघितलं. एकशे सहा. मला पारा वाचता येतो, त्या कामाचा पगार खाल्लाय मी.

त्यानं विचारलं, "किती वेळ झाला? घाम येत होता का?"

"न्हाई."

"अंगावर काही घातलं होतं का? पांघरूण वगैरे?"

"न्हाई," मी म्हणालो. "लुगडंच."

दिवस मावळायच्या आत ती गेली. आणि डॉक्टरला बोललेलं तेच मी पुढं सगळ्यांना बोललो. लेक आली, माझ्या गळ्यात पडून रडली, "बाबा, तुम्ही होते म्हणून निदान दवाखान्यात तरी पोचली माय." स्लॅबवरच्या कुरडया तशाच होत्या. त्या मात्र चांगल्या वाळल्या होत्या. शेजारणीनं डब्यात भरून लेकीला दिल्या.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसं पांगल्यावर लेक म्हणाली, "मला मायचं दुसरं काही नको. ती वाकळ तेवढी द्या. तिच्या लुगड्याचा वास येतो तिला." मी उठलो, कपाटातून वाकळ काढली आणि दिली. तिनं ती पोटाशी धरली, तोंड खुपसलं. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

त्यानंतर लेकीचा फोन आला की वाकळीचं निघायचंच. आज पोरीवर वाकळ घातली, आज दोघी तिच्यातच झोपलो, नात म्हणते आजीची शाल. सांगायचंच असं ठरवून मी दोनदा बसमध्ये बसलो. दोन्ही वेळा नांदेडहून परत आलो. स्टँडवर चहा प्यालो आणि अहमदपूरची गाडी धरली. सांगून काय होणार? माय परत येते का? आणि न सांगून तरी काय होत होतं? घरात फॅनखाली बसलो तरी मला तो ससा दिसायचा. चेहरा दिसायचा नाही, कान दिसायचे. कापूस गुंडाळलेले.

वर्ष उलटलं, आणि पुढच्या सालच्या भादव्यात परत निघालो. ह्या वेळी नांदेडला खाली उतरलोच नाही म्हणा, एका गाडीतून दुसरीत. हदगावला पोचलो तर जावई शेतावर होता आणि नातीला ताप. चार वर्षांची पोर. लेकीनं गोळी दिली होती, पण पोर कुडकुडत होती म्हणून खिडकी लावली होती, डोक्याला टोपरं बांधलं होतं आणि वर वाकळ. तीच. खालून पाय झाडणं चाललं होतं. लेक कडेला बसून वाकळ दाबून धरत होती.

"या बाबा. बसा. घाम फुटायलाय बघा आत्ता."

मी चपला न काढताच आत गेलो आणि वाकळ ओढून काढली. टोपरं काढलं. खिडकी उघडली.

"अहो बाबा, काय करायले! थंडी वाजतीय तिला!"

"वाजू दे. पाणी आण. धडपा आण."

"मायबी असंच करायची की मला. गरम ठेवायची."

"तुझ्या मायला मी असंच केलं," मी म्हणालो. "ह्याच वाकळंत. कान बांधले तिचे. ती काढायली आन् मी घालायलो. साक म्हणली, तरी दाबून धरली."

ती बघत राहिली. मला वाटलं तिला कळलं नाही, म्हणून मी परत सांगितलं, ससा, कापूस, डॉक्टर, लुगडंच, सगळं. सांगताना नातीचे पाय मोकळे झाले होते आणि ती हसत होती, आजोबा आले म्हणून. लेक उठली. मला वाटलं बाहेर जाईल. ती मोरीत गेली, पातेल्यात पाणी आणलं, धडपा भिजवला आणि पोरीचं कपाळ, काखा, पाय पुसायला लागली. मी खिडकीपाशी उभा. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

पुसता पुसता म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं."

"हाव."

"लोकांना ठाऊक नसतंय. तुम्हाला ठाऊक होतं."

"हाव."

पोरीचा ताप संध्याकाळी उतरला. साधाच ताप होता, पावसाळी. जावई आल्यावर लेकीनं त्याला काही सांगितलं नाही, जेवायला वाढलं, मलाही वाढलं. वाढताना विचारलं नाही, आणखी पाहिजे का. वाढलं आणि उठली.

सकाळी मी पिशवी घेऊन निघालो तर ती अंगणात होती. वाकळ धुवायला काढली होती. सात पदरांची, भिजली की माणसाएवढी जड होते, एकट्या बाईला पिळता येत नाही. ती एका टोकाला धरून ओढत होती आणि पाणी तिच्याच अंगावर येत होतं. मी पिशवी खाली ठेवली आणि दुसरं टोक धरलं. ती थांबली. सोड म्हणाली नाही. मग तिनं तिच्या बाजूला पीळ घातला, मी माझ्या बाजूला. पाणी गढूळ निघालं. जुन्या लुगड्यांचे रंग निघाले, थोडा हिरवा, थोडा जांभळा. हात दुखेपर्यंत पिळली. दोघांनी मिळून दोरीवर टाकली.

"गाडी जाईल तुमची," ती म्हणाली.

मी स्टँडवर आलो. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. मी केला की नात घेते, ताप नाही म्हणते, आई कामात आहे म्हणते. वाकळ वाळल्यावर तिनं घडी करून ठेवली का कुणाला देऊन टाकली, मला माहीत नाही. नातीला विचारलं तर ती सांगेल. पण मी विचारत नाही.